अर्ध्या तासाचा कांदा

माझे सासरे रेल्वेच्या विश्रांतिगृहात खानसामा होते. घाट चढून आलेले गोरे ड्रायव्हर तिथे उतरायचे आणि त्यांच्या जेवणाचं सगळं सासरे बघायचे. तीस वर्षं त्यांनी साहेबांसाठी रांधलं. नोकरी संपल्यावर लोणावळ्यातच राहिले, पण घरातल्या चुलीला त्यांनी कधी हात लावला नाही. फक्त सिरक्यातला कांदा ते स्वतः करायचे.

लहान लहान कांदे सोलून एक दिवस, एक रात्र मिठाच्या पाण्यात. मग फडक्यावर पसरून सावलीत सुकवायचे. सिरका मिरी-लवंग घालून उकळायचा आणि पार गार झाल्यावर बरणीत ओतायचा. वरून फडक्याचा दादरा बांधून पंधरा दिवस बरणीकडे बघायचंही नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू वारून दोन वर्षं झाली होती. घरात सासरे, माझा नवरा आणि लग्नाची नणंद. स्वयंपाक माझ्याकडे होता, बरणी सासऱ्यांकडे. नवऱ्याने लहानपणी एकदा मुदतीआधी दादरा सोडला होता, त्याचा विषय अजून जेवताना निघायचा.

लढाईचे दिवस होते, साखर रेशनवर मिळायची. एका शुक्रवारी सकाळी पोस्टकार्ड आलं. सोमाटण्याहून नणंदेला बघायला शुक्रवारी येतो, नमाजानंतर जेवायलाच येऊ, असं लिहिलं होतं. तो शुक्रवार म्हणजे हाच शुक्रवार. मुलाचे वडील पूर्वी इंजिनावर फायरमन होते आणि सासऱ्यांच्या हातचं जेवलेले होते. कार्डाच्या तळाशी त्यांनी लिहिलं होतं, ‘आपल्याकडच्या सिरक्यातल्या कांद्याची चव अजून जिभेवर आहे.’

नवरा रेल्वेच्या शेडमध्ये ड्यूटीवर होता. सासरे स्वतः जाऊन मटण घेऊन आले. मग बरणीसमोर पाट घेऊन बसले. बरणी भरून तेव्हा चार दिवस झाले होते.

“उघडू का, अब्बा?” मी विचारलं.

“चार दिवसांचा कांदा मी कधी कुत्र्याला घातला नाही.”

“मग त्येन्ला काय सांगायचं?”

“सांगायचं, कांदा नाही.”

एवढं बोलून ते कपडे बदलायला गेले. नणंद आतल्या खोलीत बसली होती. ती रडत नव्हती, पण हातातली वेणी तिने तिसऱ्यांदा सोडली.

माझं माहेर टाकव्याचं. शेतावर भाकरी न्यायची असली की माझी आई कांदा चिरून मीठ चोळायची आणि चिंचेचं पाणी उकळून तसंच कढत वर ओतायची. भाकरी बांधेपर्यंत, अर्ध्या तासात, कांदा तयार व्हायचा. याला आमच्यात काही नाव नव्हतं. बाटलीत थोडा सिरका शिल्लक होता. मी चार मोठे तांबडे कांदे घेतले, उभे पातळ चिरले, मीठ चोळून ठेवले आणि सुटलेलं पाणी पिळून टाकलं. सिरक्यात थोडं पाणी, मिरी आणि गुळाचा खडा घालून उकळी आणली. पातेलं उचललं आणि बघते तर सासरे दारात उभे.

“गरम ओततेस?”

“व्हय.”

“कुणी शिकवलं?”

“आईनं.”

“तिला कुणी शिकवलं?”

“म्हाईत न्हाई.”

मी ओतलं. कांद्याचा रंग सुटून सिरका गुलाबी व्हायला लागला. सासऱ्यांनी टोपी नीट केली आणि मशिदीत गेले.

पाहुणे आले. मुलाचे वडील आणि आई, दोघंच. मुलगा कामाला गेला होता, त्याचं नंतर बघू म्हणाले. जेवायला बसल्यावर फायरमननी आधी कांद्याला हात घातला. खाल्ला, पुन्हा घेतला. मग म्हणाले, “तेव्हा अख्खा असायचा. आता चिरून घालता?”

“चिरलेला आहे,” सासरे म्हणाले.

“किती दिवस मुरवता?”

सासरे पाच वेळच्या नमाजाचे. मी दाराआड उभी होते. ते म्हणाले, “पंधरा दिवस लागतात.”

हे खोटं नव्हतं. पंधरा दिवस लागतातच. ताटातल्या कांद्याला किती लागले, ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

“मुलीनंच केला असेल,” मुलाची आई म्हणाली.

“घरातच केलाय,” सासरे म्हणाले, आणि पाहुण्यांपुढे मटण सरकवलं.

आठवड्याने सोमाटण्याहून होकार आला. सासऱ्यांच्या मनाला मात्र चैन नव्हतं. बरणीचे पंधरा दिवस भरले तसा त्यांनी दादरा सोडला, एकही कांदा न खाता अख्खी बरणी एका ओळखीच्या गाडीवानाबरोबर सोमाटण्याला धाडली. उलट निरोप आला, की कांदा छान आहे, पण त्या दिवशीचा जास्त चांगला होता.

गाडीवानाने हा निरोप सासऱ्यांनाच सांगितला. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. मी काहीतरी मोठी चूक केली असं मला वाटत राहिलं, आणि भाकरी करपवून मी ती खरीही केली. तिसऱ्या दिवशी मी कांदे निवडत होते, तेव्हा ते पाट ओढून शेजारी बसले.

“साखर किती घातली होतीस?”

“साखर न्हाई, गूळ.”

“गूळ,” ते म्हणाले. निवडलेल्यातला एक कांदा त्यांनी हातात घेतला. मग म्हणाले, “तीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही, की हा पंधरा दिवस थांबायचा जिन्नस नाही.”

“तुमचाबी लय चांगला असतो, अब्बा.”

“असतो,” ते म्हणाले. “तो वेगळा.”

नणंद लग्न होऊन गेली. तिच्या सासूला दर दोन-चार आठवड्यांनी कांदा हवा असायचा, आणि पोरीला दोन्हीतला एकही येत नव्हता. माहेरपणाला आली तेव्हा माझ्याकडून अर्ध्या तासाचा शिकून गेली. पण पंधरा दिवस लागतात असं तिच्या बापाने सांगून ठेवलेलं. मग ती महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर रिकाम्या बरणीला दादरा बांधायची, ती फळीवर ठेवायची, आणि पंधराव्या दिवशी सासू शेजारी गेली की कांदा चिरायला बसायची. असं तिने दीड वर्ष चालवलं. शेवटी सासू झाडलोट करताना फळीवरची बरणी उतरवायला गेली, आणि ती फार हलकी लागली.

“मग काय म्हणाल्या?” मी नणंदेला विचारलं.

“म्हणाल्या, पहिल्याच दिवशी कळलं होतं. मुरलेला कांदा दाताखाली एवढा वाजत नाही.”

“रागावल्या?”

“नाही, भाभी. बरणी पुसली आणि त्यात मीठ भरून ठेवलं.”