बिग होलच्या गंजी आणि सुनंदाच्या उंचीचा आरसा

गाडीमागे ओढायच्या, राहायच्या ट्रेलरची लोखंडी चौकट मी वेल्ड केली. प्लायवूडच्या भिंती, छप्पर, दोघांचा पलंग, शेगडीचा ओटा, पोळपाट सरकवायची खाच, सगळं या हातांनी. शिकवायला कोणी नव्हतं, लायब्ररीतली पुस्तकं होती. आरसा बरोबर चार फूट सात इंचांवर लावला, माझ्या बायकोला, सुनंदाला कुंकू लावताना टाचा उंचवायला नकोत म्हणून. पहिल्या प्रवासाआधीच, मार्चमध्ये, ती गेली.

"बाबा, वन ट्रिप करा आणि मग विकून टाका. ड्राइव्हवेत रोज दिसतो तो," मुलगी मीरा म्हणाली. मलाही पटलं. ऑगस्ट १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एकटाच निघालो.

पहिला मुक्काम नेवाडात, दुसरा मोंटानातल्या डिलनला. जाणार असाल तर डिलनलाच गॅस, म्हणजे पेट्रोल, भरून घ्या. पुढे दोन घाट आहेत आणि ट्रेलर ओढताना इंजिन तापतं.

घाट उतरलो आणि बिग होलचं खोरं दिसलं. ढगांत अर्धे बुडालेले डोंगर, खाली कुरणभर गवताच्या गंजी. गंज रचायला इथे तीस फुटी, तिरपी लाकडी घसरगुंडी असते. घोडे दोराने गवत तिच्यावर खेचून नेतात, ते माथ्यावरून पलीकडे पडतं. मी गाडी थांबवून बघत राहिलो.

"रस्ता चुकलात?" कुरणाचा म्हातारा मालक, हँक, कुंपणापाशी आला.

"नाही. तुमच्या घसरगुंडीचा डावा खांब कललाय."

"माझ्या लग्नापासून कललाय. डॉट अजून टोमणे मारते." डॉट त्याची बायको. मग हसू ओसरलं. "पुढच्या वर्षी मुलगा गठ्ठे बांधायचं मशीन आणतोय. मग हिचं काही काम नाही."

"मोडणार?"

"वडिलांनी उभारलीय. राहील तशीच उभी."

मुक्कामाला ट्विन लेक्स तळ्यावर जातोय, असं हँकला सांगून निघालो. तिथला रस्ता खडीचा, सावकाश जा. तंबूच्या जागेचे पाच डॉलर, पाणी हातपंपाचं, डास भयंकर. तळं सुंदर असणार. मला दिवसभर पावसात करडंच दिसलं. पिठलं-भात केला. पोळ्या मला येत नाहीत. पोळपाट खाचेतून हलला नाही. सकाळी आरशासमोर गुडघे वाकवून दाढी केली.

तेवढ्यात हँक आणि डॉट घरी भाजलेला ॲपल-पाय घेऊन आले. हँकने ट्रेलरचा सांधा न् सांधा बोटांनी चाचपला. डॉटला गुडघ्यांमुळे तंबूत झोपता येत नाही. तळ्यावर राहून तिला किती वर्षं झाली होती. ती पलंगावर बसली आणि उठेचना.

परतलो. ट्रेलर पुन्हा ड्राइव्हवेत लावला. डोंगरांपेक्षा ती बिनकामाची होऊ घातलेली घसरगुंडीच डोळ्यांपुढे येते.

"एनीबडी इंटरेस्टेड?" मीराने विचारलं.

"हँक अठराशे डॉलर देत होता. डॉट उंच आहे, आरसा तेवढा वर घेईन म्हणाला. मी नाही म्हटलं."