विमानचाचांचा शुक्रवार

विमानचाचा विमानाला कान लावून ऐकायचे. पंखाच्या आतल्या लाकडावर बोटाच्या पेरानं टकटक करायची, गाल टेकवायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. "हसा साहेब," ते म्हणाले, "पन ऐकून तर बघा. कुजलेलं लाकूड ओल्या खोक्यासारखं बोलतं." मी ऐकलं. मला ढिम्म कळलं नाही, तरी जाणत्यासारखी मान हलवली.

माझा धंदा जुन्या यंत्रांची किंमत ठरवण्याचा. शेंद्र्याच्या कारखान्यांतले लेथ आणि प्रेस मी रोज बघतो. विमानाशी संबंध तिकीट काढण्यापुरता. पण करमाडला एका शेतातल्या शेडमध्ये दोन माणसांचं एक छोटं, जुनं विमान बावीस वर्षं उभं होतं, आणि त्याची किंमत ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शहरातल्या एका डॉक्टरांनी ते बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबकडून हौसेनं घेतलं होतं. काही वर्षं उडवलं, मग डॉक्टरच गेले. विमानचाचा त्या क्लबचे मेकॅनिक. रोशन गेटजवळ राहायचे. डॉक्टर गेल्यावर त्यांना कुणी विमानाकडे बघायला सांगितलं नव्हतं, ते आपले बघत राहिले.

डॉक्टरांच्या पत्नीला, चाचा त्यांना बाईसाहेब म्हणायचे, आता ते विकायचं होतं. गिऱ्हाइकं दोन. नाशिकचे एक निवृत्त वैमानिक ते दुरुस्त करून पुन्हा उडवणार होते. दुसरा फर्दापूरचा एक रिसॉर्टवाला, त्याला ते खांबावर चढवायचं होतं, अजिंठ्याला येणाऱ्या लोकांना फोटो काढायला. इंजिन धड निघालं तर नाशिक, नाहीतर खांब. सगळं माझ्या रिपोर्टवर.

"खांबावर?" चाचा म्हणाले. "शेतात मेलेला कावळा टांगतात तसं?" त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

चाचांचा दुसरा हट्ट कागदांचा. "कागद नाय तर विमान नाय," असं ते मला दिवसातून चारदा ऐकवायचे. क्लबच्या सगळ्या नोंदवह्या त्यांनी पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या घालून जपल्या होत्या. त्यांच्याबरोबर एक साधी शाळेची वही होती, ती त्यांची स्वतःची. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की एसटीनं करमाड, विमान पुसायचं, पुढचा पंखा हातानं चार वेळा फिरवायचा आणि वहीत तारीख टाकायची. "इंजिन बसून राहिलं की जाम होतं, साहेब. माणसासारखंच." मुलीच्या लग्नाच्या आठवड्यातलाही शुक्रवार चुकला नव्हता. ती तारीख त्यांनी मला बोट ठेवून दाखवली.

आणि मी गप्प बसलो. कारण काम घेताना मी बरंच वाचून आलो होतो, आणि उभ्या ठेवलेल्या इंजिनाचा पंखा हातानं फिरवू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. फिरवलं की आतल्या भागांवरचं तेल पुसलं जातं. इंजिन चालू होत नाही म्हणून नवं तेल चढत नाही, आणि उघड्या पोलादाला दमट हवा खाते. बावीस वर्षांच्या शुक्रवारांसमोर हे कुठल्या तोंडानं सांगणार? मी म्हटलं, बाहेरून बघून रिपोर्ट देऊ.

चाचा ऐकेनात. "बंद डबा विकायचा नाय. घेणारा त्यात बसून वर जाणार हाय." मग त्यांनी स्वतःच एक सिलिंडर उतरवला. एकेक नट वर्तमानपत्रावर ओळीनं मांडला, आणि आत टॉर्च मारला. झडपा उघडझाप करणारा दांडा, कॅमशाफ्ट, गंजून खड्डे खड्डे झाला होता. चाचांनी त्यावरून बोट फिरवलं. मग ते बोट बराच वेळ पुसत राहिले. मेकॅनिकचाच मेंदू तो, त्याला सांगावं लागलं नाही.

"साहेब, फिरवल्यानं झालं ना हे?"

मी मान डोलावली.

"मी आलो नसतो तर वाचलं असतं?"

"बहुतेक, हो," मी म्हणालो.

त्यांनी सगळे नट पुन्हा जागच्या जागी बसवले. निघताना म्हणाले, "माझं नाव घालून लिवा." मी 'दीर्घकाळ उभे राहिल्यामुळे' असं लिहिलं. नाशिकचे गृहस्थ मागं सरले आणि विमान फर्दापूरला गेलं. बाईसाहेबांनी फोनवर माझी चांगलीच हजेरी घेतली. "किंमत कमी लिहायची तर लिहायची होती हो. चाचांना कशाला सांगायचं?" मी म्हटलं, त्यांनी विचारलं. माझंच उत्तर मला पोरकट वाटलं.

पुढं दोन-तीन महिन्यांनी मी रोशन गेटला त्यांच्या घरी गेलो. नात झाली होती. सूनबाई बाळ घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्यापुढं धरलं, तर चाचांनी दोन्ही हात मागं नेले. "नक्को बेटा. साहेबांकडं दे." मी बाळ घेतलं. सून हळूच म्हणाली, "घरात काही बिघडलं तरी आता हात लावत नाहीत. पंख्याचं बटनसुद्धा आम्हीच दाबायचं." चाचा तिकडं बघून हसले, पण ते हसणं मला सोसवेना. चहा अर्धाच टाकून मी उठलो.

त्या हिवाळ्यात ते गेले. कब्रस्तानाच्या दारात करमाडचा एक शेतकरी भेटला, शेडच्या शेजारचा. दोन एसट्या बदलून आला होता. "म्हातारं दर शुक्रवारी यायचं," तो म्हणाला, "म्हणून शेडला कुणी बोट लावलं नाय. आमच्या विहिरीवरची मोटर दोनदा उचलली. पल्याडच्या शेडचं तर पत्रं बी ठेवलं नाय. इमान काय ठेवलं असतं व्हय?"

म्हणजे चाचा आले नसते तर उघडून बघायला तिथं इंजिनच उरलं नसतं. त्यांनी मला विचारलं होतं, मी आलो नसतो तर वाचलं असतं का. खरं उत्तर 'नाही' होतं, आणि मी 'हो' म्हणालो होतो.