सईचा १.३

कॉर्ककरांनो, आज दुपारचं जेवण अजून घशाखाली उतरलेलं नाही, म्हणून लिहितेय.

अभिजित रिंगास्किडीच्या एका औषध कंपनीत इंजिनिअर आहे, नुकताच उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टहून इकडे कॉर्कला आलाय. मुलगी सई तिथूनच ए-लेव्हल, म्हणजे तिकडची बारावी, करून आली. जर्मनीतल्या एका विद्यापीठाने तिचे ग्रेड त्यांच्या पद्धतीत बदलून कळवले. आज त्याच्या घरी जेवताना अभिजितने ते आम्हा पाहुण्यांसमोर तिच्या फोनवर वाचले. १.३.

"दहापैकी १.३?"

मग त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. "दोन वर्षं हे दिवे लावत होतीस? नागपूरचा तुझा चुलत भाऊ बघ. चारचौघांत तुला माझी मुलगी म्हणायची लाज वाटते."

सई ताटाकडे बघत ऐकत होती. आम्ही खाली मान घालून जेवत होतो.

तेवढ्यात माझी मैत्रीण केतकी आली. ती जर्मनीत शिकलेली. फोन बघून म्हणाली, "अरे, तिकडे एक म्हणजे सर्वांत उत्तम, चार म्हणजे जेमतेम पास. पोरीने कमाल केलीय."

अभिजित हसला. श्रीखंडाचा चमचा सईपुढे धरून म्हणाला, "वेडे, आधी सांगायचं ना."

सई नेहमीसारखी इंग्रजीत बोलली, अगदी शांतपणे. "मला माहीत होतं, बाबा. कमी मार्क पडले तर तू मला काय काय म्हणशील, ते एकदा ऐकून ठेवायचं होतं."

चमचा तसाच हवेत राहिला.

तुम्ही त्या टेबलाशी असता, तर केतकी यायच्या आधी मधे बोलला असतात? आम्ही कुणीच बोललो नाही. मी तर भेंडी परत वाढून घेतली.