बांधलेल्याच्या आधी

माझे वडील पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत कामाला होते. सीमेवर तणाव वाढला की त्यांचं काम वाढायचं. अशाच एका संध्याकाळी ते थकून जेवायला बसले, तेव्हा टीव्हीवर शेजारच्या देशाचा एक शिपाई दाखवत होते. आपल्या जवानांनी त्याला पकडलं होतं, हात मागे बांधले होते. बातम्या देणारा नुसता ओरडत होता. त्या ओरडण्याचा मला आजही राग येतो.

आमच्या घरी बैलांना चारापाणी झाल्याशिवाय कोणी ताटावर बसत नाही. बांधलेलं जनावर स्वतःचं पोट कसं भरणार? आईनं वाढता वाढता विचारलं, "त्याले जेवाले देलं असंन ना?"

"द्याच लागते. कायदाच हाये तसा," बाबा म्हणाले. पण हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला आणि उठून टीव्ही बंद केला.

पुढे दोन्ही देशांची बोलणी झाली आणि शिपायाला सोडलं. विजय कोणाचा, यावर टीव्हीवर भांडण चाललं होतं. आईचं तिकडे लक्षच नव्हतं. भाकर थापता थापता ती म्हणाली, "आज त्याची माय पोटभर जेवंन."