रोमकरांचा अडकित्ता

वाग्देवीला वंदन करून आजच्या व्यासपौर्णिमेनिमित्त हे लिहितो. पाठशाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी गुरूंविषयी लेख मागितला. माझ्या गुरूंवर लिहिण्याची माझी योग्यता नाही. म्हणून ज्यांना मी कधीच गुरू मानले नाही, त्यांच्याविषयी लिहितो.

सुपारी आणि क्रियापद रोमकर एकाच अडकित्त्याने कातरत. रोमकर हे त्यांचे नाव नव्हे. रोम त्यांनी पाहिलेही नव्हते. महायुद्धात इटालियन कैद्यांच्या छावणीवर पहारा करताना जे कानांवर पडले, त्या भांडवलावर सत्तरच्या दशकात त्यांनी सोलापुरात इटालियन शिकवण्याची पाटी लावली आणि संध्याकाळपुरती आमच्या पाठशाळेची ओसरी मागून घेतली. "पार्-ल्या-मो," म्हणजे 'आम्ही बोलतो'. प्रत्येक तुकड्याला बाकावर अडकित्त्याचा एक ठोका.

मला ते ऐकवत नसे. 'पार्ल' हा धातू, 'यामो' हा प्रत्यय, एवढे त्यांच्याच पुस्तकावरून मला उमगले होते. आणि हा गृहस्थ धातूच्या पोटातच पाते घालत होता. मी एकदा तसे सौम्यपणे सुचवले. अंगणात पिंक टाकून ते म्हणाले, "धातू तुमच्या पोथीत ठेवा, शास्त्रीबुवा. तोंडाला तुकडेच लागतात की." सलग वाक्य त्यांनी कधी शिकवले नाही, कारण ते त्यांनाच येत नव्हते. विद्या अर्धी आणि मिजास दीडपट.

टिकलेली विद्यार्थिनी एकच: विजया, विणकर तेलुगू घरातली परिचारिका. इटलीतल्या एका रुग्णालयासाठी मुली निवडायला तिकडच्या सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी, येणार होत्या. विजयाच्या निवडीवर धाकट्या भावंडांचे शिक्षण अवलंबून होते. "सर, तुमी या की. तुमी असला की धीर येतो," असे तिने परोपरीने विनवले. रोमकर वैरागच्या कामाचे निमित्त सांगून मोकळे झाले. सिस्टर त्यांच्याशी दोन वाक्ये बोलल्या असत्या, तर पाटी उतरवावी लागली असती. असा हा आचार्य! शेवटी तिच्या वडिलांसोबत मी गेलो.

मुलाखतीच्या खोलीचे दार उघडेच होते; व्हरांड्यातून आम्हाला आतले दिसत होते. सिस्टरांनी काही विचारले. रुग्णासाठी काय करशील, असा तो प्रश्न होता, हे विजयाने मागाहून सांगितले. तिचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. प्रश्न पुन्हा आला. मग सिस्टरांनी तिचा कागद बाजूला सारला.

तेवढ्यात खिडकीच्या गजावर लोखंड वाजले. चार ठोके.

"आ-यु-ते-रो," विजया म्हणाली. म्हणजे 'मी मदत करीन'. ठोके थांबले, तरी ती थांबली नाही. धुईन, भरवीन, जागेन, असे एकेक क्रियापद सांगत गेली. त्या भाषेत 'मी' प्रत्ययातच असतो. एक क्रियापद वाक्याला पुरते.

सिस्टर हसत बाहेर आल्या. कण्हेरीआड रोमकर उभे होते. हेच तिचे शिक्षक, हे ओळखून बाई आनंदाने त्यांच्याशी भरभर इटालियन बोलू लागल्या. "पार्लो, पार्ली, पार्ला," म्हणजे बोलतो, बोलतोस, बोलतो, एवढे म्हणून रोमकरांचे तोंड मिटले. व्हरांड्यात मुलाखतीसाठी थांबलेल्या परिचारिका फिदीफिदी हसल्या. निवड झालेली विजया मात्र सर्वांदेखत त्यांच्या पाया पडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पाटी उतरवली. ते जेऊरला पुतण्याकडे निघाले, तेव्हा मी विचारले, लपलाच होतात तर वाजवलेत कशाला?

"पोरगी गप झाली की," ते म्हणाले.

त्यांच्या विद्येविषयीचे माझे मत आजही बदललेले नाही. ती कवडीमोल होती. तरीही, वाचकहो, आपल्या घरातील कुणाची वाणी ऐन वेळी अडलीच, तर खिडकीबाहेर असा एखादा ढोंगी उभा असो. वाग्देवी आपणा सर्वांचे, मुलाबाळांसह, मंगल करो.