चर्चमधली डाळ मिल

संघटनेचं पत्रक हातात दिलं की लोक ते वाचतात, चुरगळतात किंवा त्यात भजी बांधून नेतात, एवढाच माझा अनुभव होता. नवापूरच्या डोंगराकडच्या त्या गावात मात्र माझं एकही पत्रक रस्त्यावर पडलेलं दिसलं नाही. नंतर कळलं, ख्रिस्ती घरांत ते घडी घालून बायबलमध्ये ठेवलेलं आणि हिंदू घरांत देवाच्या फोटोमागे खोचलेलं. कागदावर चर्चचं नाव आहे, मग तो फेकायचा कसा?

शीर्षक होतं, ‘कुलूप कोणासाठी?’ माझंच. फार ऐटीत लिहिलं होतं.

मामला सरळ होता. या भागातली तूर नावाजलेली. ती पोत्याने व्यापाऱ्याला घालायची आणि तिचीच डाळ दुकानातून पुडीत बांधून आणायची, हा गाढवपणा पिढ्यान्‌पिढ्या चालू. तो थांबवायला बचत गटाच्या बायकांनी खेटे घालून छोटी डाळ मिल मंजूर करून घेतली. गटात ख्रिस्ती, हिंदू दोन्ही. सगळ्या स्वतःचं शेत सांभाळून मजुरीला जाणाऱ्या. मशीन आलं आणि अध्यक्ष मावशींच्या अंगणात ताडपत्री पांघरून बसलं. मागोमाग मंजुरी देणाऱ्या सरकारी कार्यालयाचं पत्र: महिनाअखेर पक्क्या छपराखाली बसवा, नाहीतर मशीन दुसऱ्या गावाला जाईल. गावात पक्कं आणि रिकामं छप्पर एकच, जुन्या चर्चचं. नवं चर्च सडकेला झाल्यापासून त्याला कुलूप होतं.

किल्ली चर्चच्या मंडळीच्या पंचांपैकी सर्वांत वयस्कर काकांकडे. मावशींनी तीनदा अर्ज दिला. काका तिन्ही वेळा ‘बघू’ म्हणाले. मला ‘बघू’ या शब्दाची चीड आहे. सगळी सरकारी कपाटं त्याच शब्दाने भरलेली आहेत. म्हणून पत्रक, आणि पत्रकानंतर नव्या चर्चच्या ओट्यावर बैठक.

बैठकीत मी उभी राहून बोलले. माझी आई म्हणते, "तुन्हं तोंड शे का गिरणी?" तर ती गिरणी मी पूर्ण सोडली. देवाला दोन-दोन घरं आणि बायकांच्या कष्टाला एक छप्पर नाही, रिकामी इमारत वटवाघळांना चालते, बायकांना चालत नाही, असं बरंच. पंच मान खाली घालून ऐकत होते. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नवीन, तरुण, गेल्याच वर्षी बदलून आलेले. ते माझ्याकडे पाहून घाबरल्यासारखे हसत होते.

माझं संपल्यावर काका म्हणाले, "रिकामी कुठं आहे ताई? तिथं भक्ती चालू आहे."

मला वाटलं, झालं, आता अध्यात्म. मी विचारलं, कुलपाच्या आत कोण करतं भक्ती?

मग काकांनी सांगितलं. नवं चर्च उघडलं त्या दिवशी भक्ती, म्हणजे मंडळीची उपासना, जुन्या चर्चमध्ये सुरू झाली होती. प्रार्थना झाली, वाचन झालं, प्रवचन झालं. मग शेवटचं गीत म्हणता म्हणता सगळी मंडळी उठून सडकेकडे निघाली. इकडे फीत कापणं, पाहुणे, हार, भाषणं. आशीर्वाद झाला तो नव्या चर्चमध्ये, नव्यासाठी. जुन्यात कोणी दिलाच नाही.

"आशीर्वाद झाल्याशिवाय भक्ती संपत नाही," काका म्हणाले. "अर्धी टाकून आलो आम्ही. तिथं मशीन कसं लावू?"

पंच एकमेकांकडे बघायला लागले. एक जण हळूच म्हणाला की त्या दिवशी जेवण थंड होत होतं. मागून बायका फिसकन हसल्या. मावशींनी विचारलं, हे तीन अर्जांत का नाही सांगितलं? काका म्हणाले, अर्जात जागा मागितली होती, अडचण कोणी विचारली नव्हती. मी पाणी प्यायला गेले.

महिन्याचा शेवटचा रविवार हातात होता. शनिवारी गटाने आणि मंडळीने मिळून जुनं चर्च झाडलं. रविवारी सगळे फरशीवरच बसले, बाकं तर कधीच नव्या चर्चमध्ये गेली होती. गटातल्या एका हिंदू वहिनींनी मला विचारलं, आपण काय करायचं? मलाही माहीत नव्हतं. शेजारची म्हणाली, "बस नुसती. आणि हसू नको."

गीत कुठल्या कडव्यावर सोडलं होतं यावरून वाद झाला. काका म्हणत तिसरं, बाकीचे म्हणत चौथं. शेवटी पहिल्यापासून म्हटलं. मग पाळकसाहेबांनी खिशातून कागद काढला, तेव्हा काका म्हणाले, "प्रवचन त्याच दिवशी झालंय." पाळकसाहेबांनी निमूट कागद खिशात घातला. रात्रभर बसून लिहिलं असावं, मला खरंच वाईट वाटलं. लिहून आणलेलं बोलू न देणं म्हणजे काय, ते मला विचारा.

त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला. ‘आमेन’ म्हणणाऱ्यांत मीही होते. काका भिंतीला धरून उठले आणि किल्ली मावशींच्या हातात दिली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बरोबरच होतं.

दुपारी सहा बायकांनी आणि दोन पंचांनी मशीन उचलून आत आणलं. वायरमनने जोडणी केली. तूर ओतली. मावशींचा हात बटणापाशी गेला आणि अडला. आपल्या हातून पहिल्यांदाच चालू होतंय, त्या म्हणाल्या, पाळकसाहेब, एक छोटी प्रार्थना करा. वहिनी म्हणाल्या, मग मी नारळही आणते.

काका दारात उभे होते. ते घाईने आत आले.

"नारळ बाहेर फोडा. आणि प्रार्थना नको," ते म्हणाले. "आत्ताच कशीबशी संपवली आहे. पुन्हा सुरू करू नका, इथं कोणाला शेवट करायची सवय नाही."

मावशींनी हसत हसतच बटण दाबलं.