दुसरी स्लाइड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून माझी तंबाखूची पुडीसुद्धा कधी लपली नव्हती. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय, एवढं खरं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी धुळ्याला कुष्ठरोग निवारणाच्या कामात आरोग्यशिक्षक होतो. स्लाइड प्रोजेक्टरची पेटी घेऊन एसटीनं गावोगाव जायचं, शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना पोती लावायची, भिंतीवर चादर ताणायची आणि चित्रं दाखवत बोलायचं. घरात माझी दोन वाक्यं सलग कुणी ऐकून घेत नसे. पण चादरीवर उजेड पडला की खोलीभर माणसं गप्प. त्याची चटक लागते हो.

पारोळ्याजवळच्या एका गावात सुमनअक्का राहायच्या. नवरा गेलेला, पदरी एकच मुलगी — मंगला. अक्कांच्या हातावर फिकट, बधिर डाग निघाला होता. वेळेत सापडला, गोळ्यांनी बरा होणार होता. मी त्याचा फोटो मागितला. त्यांनी आधी आत मंगलाकडे नजर टाकली. मग म्हणाल्या, "भाऊ, तोंड येवाले नको. पोरनं लगन करनं शे अजून."

मी शब्द दिला.

पाळला का? तोंड आलं नाही, हे खरं. पण स्लाइड धुऊन आली तेव्हा मनगटावरचं गोंदण लख्ख दिसत होतं. भावाचं नाव — सुपडू. गोंदणारणीनं पहिली दोन अक्षरं एवढी मोठी काढलेली, की तिसरं खालच्या ओळीत उतरलं होतं. असा हात त्या पंचक्रोशीत एकच असणार. अशा वेळी स्लाइडवर काळी पट्टी चिकटवायची असते. मी चिकटवली. चादरीवर पाडून पाहिली — आणि काढून टाकली. का? त्या निळ्या अक्षरांशेजारी डाग असा काही उठून दिसत होता, की... जाऊ दे, स्पष्टच बोलतो. चित्र देखणं होतं, आणि ते मी काढलेलं होतं. साहेब वाखाणतील असं वाटलं. वाखाणलंही त्यांनी.

वर्षभरात डाग गेला. मी त्याच हाताचा पुन्हा फोटो काढला. आता दोन्ही स्लाइड पाठोपाठ दाखवायच्या — आधी डाग, मग बरा झालेला हात.

पारोळ्याला अंगणवाडी सेविकांची बैठक होती; ही जोडी तिथे पहिल्यांदाच दाखवणार होतो. मी पहिली स्लाइड लावली. दुसऱ्या रांगेतली एक बाई पुढे वाकली, मग शेजारणीच्या कानाला लागली. मला दिसलं ते. एक बटण दाबायचं होतं, चित्र पुढे गेलं असतं. मी उलट छडीनं डागाची कड दाखवत बसलो. तेवढ्यात चहा आला, कुणीतरी पोती काढली, खोलीत ऊन आलं. दुसरी स्लाइड राहूनच गेली.

ती बाई मंगलाच्या होणाऱ्या सासरच्या गावची होती; सुपारीच्या वेळी तिनं ते गोंदण पाहिलं असणार. सुपारी फुटलेली सोयरीक आठवड्याभरात मोडली.

मग अक्का धुळ्याला आल्या, एकट्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. टेबलापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, तो मना हात व्हता का? व्हता व्हई तर चला मनासंगे. मी बरी हुई गयी, इतलंच सांगा त्यासले."

एवढंच मागत होत्या. दोन्ही स्लाइड माझ्या खणात होत्या. मी गेलो असतो, मुलाच्या बापाला दुसरी दाखवली असती, तर जुळलं असतं का? कदाचित. पण जायचं म्हणजे आधी कबूल करायचं — की शब्द मोडला, आणि तोही हौसेखातर. मी म्हणालो, ती चित्रं पुण्याहून येतात, अक्का, तो हात दुसऱ्याच कुणाचा तरी असेल.

त्यांनी पदराखालून हात काढला. गोंदणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हात परत पदराखाली घेतला. "बरं, भाऊ," म्हणाल्या. एवढ्या लांबून आलेल्या अक्कांना मी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या कधी एकदा जातात, असं झालं होतं मला.

मंगलाला पुढे वरणगावकडच्या एका बिजवराला दिली, दोन मुलं असलेल्या. अक्कांनी मला पत्रिका पाठवली. मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

त्या दोन स्लाइड आजही माझ्याकडे आहेत. पहिलीच्या कडेला काढलेल्या पट्टीचा डिंक अजून चिकटलेला आहे. तो डाग त्या दिवशी खोलीभर बायांनी पाहिला. बरा झालेला हात माझ्याशिवाय कुणीच पाहिलेला नाही.